रखुमाबाई पडद्यावर का नाही?

जुन्या ऐतिहासिक चित्रपटांतल्या चुका काढणं हा आपल्याकडचा एक आवडीचा उद्योग आहे. गोष्ट शिवकाळातली आणि पगडी पेशवाईतली, किल्ल्यामागे विजेचा खांब, मावळ्याच्या मनगटावर घड्याळाचा पट्टा, असं काही सापडलं की सांगणाऱ्याचा चेहरा फुलतो. चुका काढू नयेत असं माझं म्हणणं नाही. काढाव्यातच. पण कोणती चूक ही ‘इतिहासाची चूक’ आणि कोणती नुसती ‘घरगुती बाब’, हे ठरवतं कोण? पगडीची चूक इतिहासाच्या खात्यात जाते आणि एका बाईचं मरण गोष्टीतून गाळलं तर ती लेखकाची सोय ठरते, हे मला मान्य नाही.

उदाहरण घेते ते आपल्या सर्वांच्या लाडक्या चित्रपटाचं. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’. १९३६ सालचा. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल, कथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचं. मुंबईच्या सेंट्रल थिएटरात तो वर्षाहून जास्त चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. खेडोपाडी तंबूत तो लागला की बायका पडद्यासमोर नारळ फोडत, असं माझी आजी सांगायची. मलाही हा चित्रपट मनापासून आवडतो, आणि आवडतो म्हणूनच त्याची तपासणी करायची आहे. नावडत्या चित्रपटावर कोण एवढे कष्ट घेईल?

आधी नेहमीची तपासणी उरकते. शिवाजीराजे जन्मले १६३० साली. तुकोबा गेले १६४९ किंवा १६५० मध्ये. म्हणजे दोघांची भेट झाली असं धरलं तरी राजे तेव्हा फार तर विशीतले. चित्रपटातले राजे चांगले पिकलेले, दरबारी थाटाचे आहेत. कीर्तनात शत्रू शिरतो आणि विठ्ठल जागोजाग शिवाजी उभे करतो, तो चमत्कार पोथीतून आलेला. शेवटचं विमानही तसंच. त्या विमानावरून तर आपल्याकडे कितीतरी वर्षं वाद चालला आहे. विमान की खून, यावर पुस्तकं निघाली, सभा गाजल्या. चित्रपटातला सालोमालो हा दोन माणसांचं मिश्रण आहे. तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवणारा सालोमालो गाथेत येतो आणि तुकोबांना छळणारे मंबाजी गोसावी देहूचे, ते वेगळे. चित्रपटातलं बीजाचं आणि झाडाचं ते सुंदर गाणं तर तुकोबांचं नाहीच. ते शांताराम आठवल्यांनी लिहिलं, आणि इतकं बेमालूम की अनेकांनी ते अभंग समजून म्हटलं. आजही काही जण म्हणतात.

हे सगळं जाणकारांनी केव्हाच नोंदवून ठेवलेलं आहे. आता जरा घरात शिरू.

तुकोबांची दोन लग्नं झाली होती. पहिली बायको रखुमाबाई. तिला दम्याचा विकार होता, म्हणून घरच्यांनी दुसरी केली. ती पुण्याच्या आप्पाजी गुळवे या सावकाराची मुलगी जिजाई, आपली ‘आवली’. म्हणजे काही काळ त्या घरात दोघी सवती नांदत होत्या, एक आजारी आणि एक कोवळी. पुढे १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला. त्यात रखुमाबाई गेली. मुलगा संतोबाही गेला. ती अन्नावाचून गेली हे कुणा टीकाकाराचं म्हणणं नाही, तुकोबांनीच आपल्या अभंगात ते सांगितलं आहे आणि त्याची लाजही सांगितली आहे. त्यांच्या संसारातून मन उडण्याचं मूळ त्या मरणात आहे असं ते स्वतः म्हणतात. मग तुकोबांची गोष्ट सांगताना हे मरण वगळता येईल का?

प्रभातनं वगळलं. पडद्यावर तुकोबांना एकच बायको आहे, जिजाई. रखुमाबाई येतच नाही, संतोबाही येत नाही. चित्रपटाला गोष्ट कुठून तरी सुरू करावी लागते हे मला कळतं. पण त्या एका कात्रीनं काय काय गेलं ते पाहा. सवत गेली. आजारी बायको ‘निकामी’ ठरवून दुसरी आणायची रीत गेली. दुष्काळ गेला. भुकेनं मेलेली बाई गेली. आणि राहिलं काय? एक परमार्थी नवरा आणि त्याला घरात चैन पडू न देणारी एक तोंडाळ बायको. दुष्काळातलं मरण काढून घेतलं की तुकोबांचं वैराग्य आभाळातून पडल्यासारखं दिसतं आणि जिजाईचं ओरडणं स्वभावाचा दोष वाटतो. एक सवत आणि एक पोर त्या घरातून उपाशी गेलेलं तिनं पाहिलं होतं. चुलीवर काय ठेवायचं हा प्रश्न तिला मरणाचा प्रश्न होता. ते प्रेक्षकाला माहीतच नसेल तर तो हसणारच.

१९३६ साल लक्षात ठेवा. तेव्हा हिंदू पुरुषाला कायद्यानं हव्या तितक्या बायका करता येत होत्या. मुंबई प्रांतात द्विभार्याबंदीचा कायदा आला १९४६ मध्ये आणि देशभर हिंदू विवाह कायदा झाला १९५५ मध्ये. चित्रपट पाहणाऱ्या कितीतरी बायकांच्या घरात तेव्हा सवत होती. त्यांनी संताच्या घरातली सवत पाहिली असती तर काय वाटलं असतं त्यांना? चित्रपट करणाऱ्यांनी हा विचार केला असेलच असं मी म्हणत नाही. कदाचित संताला दोन बायका शोभत नाहीत एवढाच हिशेब असेल. पण शोभेसाठी खोडलं गेलेलं नाव बाईचंच असतं, हे आपल्याला नवीन आहे का?

आमच्या सांगवीत आम्ही हा चित्रपट बायकांना एकत्र बसून दाखवला. सांगवी हे नीरेच्या काठचं, उसाच्या पट्ट्यातलं गाव. पण इथल्या पुष्कळ सुना तालुक्याच्या जिरायत भागातून आलेल्या, त्यांची माहेरं पावसावर जगणारी. चित्रपट संपल्यावर मी रखुमाबाईची हकिगत सांगितली. साठी-सत्तरीच्या बाया लगेच १९७२ वर आल्या. कुणी खडी फोडलेली, कुणी नालाबंडिंगवर माती वाहिलेली, सगळ्यांनी सुकडी खाल्लेली. एक आजी म्हणाल्या, “आमच्यात आधी गडी जेवायचं, मग पोरं. बाई तव्याला पुसून खायची. ती बाई अशीच गेली असंल.” कोणत्या बखरीत हे मिळेल? दम्याची बाई दुष्काळात सगळ्यांत आधी का जाते, याचा खुलासा त्या आजींनी एका वाक्यात केला. तपासणी अशीही होते.

न्यायानं एक सांगायला हवं. २०१२ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘तुकाराम’ काढला, त्यात रखुमाबाई आहे. वीणा जामकर यांनी ती केली आणि राधिका आपटे यांनी आवली. दुष्काळही त्यात आहे. म्हणजे चूक दुरुस्त व्हायला शहात्तर वर्षं लागली. पण गंमत अशी की जुन्या चित्रपटाच्या शुद्धीपत्रकात अजूनही कोणी ती लिहीत नाही.

आता जिजाई. इथं माझं मत आपल्या काही मैत्रिणींपेक्षा वेगळं आहे. शिबिरांत मी ऐकलं आहे की प्रभातची जिजाई म्हणजे बाईची बदनामी, असला चित्रपट गटात दाखवूच नये. मला तसं वाटत नाही. जिजाईचं काम केलं गौरी यांनी. त्या काही नावाजलेल्या नटी नव्हत्या. कंपनीत आधी झाडलोटीच्या कामाला होत्या असं सांगतात. (आणि तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस पूर्वी रंगभूमीवर बायकांच्या भूमिका करायचे! बाईचं सोंग घेतलेला पुरुष संत झाला आणि राबणारी बाई संताची बायको.) पोर आजारी पडल्यावर त्याला ओढत देवळात नेणारी, हातात वहाण घेऊन विठोबाला जाब विचारणारी ती जिजाई पाहा. तिच्या चालण्यात कष्टाची सवय आहे. तिच्या आवाजात नाटकीपणा नाही, दुपारी विहिरीवर भांडणाऱ्या बाईचा आवाज आहे. कथालेखकानं तिला हशासाठी लिहिलं असेल, गौरी यांनी तिला खरं केलं. आमच्याकडे त्या प्रसंगाला पुरुष असते तर हसले असते. बायका हसल्या नाहीत. विठोबावर वहाण उगारली तेव्हा एकीनं हात जोडले, आणि ते कुणाला जोडले ते मी विचारलं नाही.

पण जिजाई तोंडाळ होती हे आपल्याला सांगितलं कुणी? तिचा स्वतःचा एक शब्द आपल्याकडे नाही. गाथेत काही अभंगांत बायकोचं गाऱ्हाणं तिच्याच तोंडून मांडलंय, पण लिहिणारा हात नवऱ्याचा. बायकोला केलेला उपदेशही गाथेत आहे. त्या उपदेशाला तिनं काय उत्तर दिलं ते कुणी उतरवून ठेवलं नाही. आणि त्या गाऱ्हाण्यात आहे तरी काय? घरी आलेलं धान्य पोरांच्या तोंडी जाण्याआधी लोकांच्या ओट्यात जातं. यात कजागपणा कुठला? हे तर आपल्या कोणत्याही गटात दर महिन्याला ऐकू येतं, फक्त धान्याच्या जागी पगार किंवा उसाचं बिल असतं.

तिच्याबद्दलची आणखी एक गोष्ट संतचरित्रकार महिपतींनी सांगितली आहे. महिपतींनी ‘भक्तलीलामृत’ पुरं केलं १७७४ साली, म्हणजे तुकोबांनंतर सव्वाशे वर्षांनी, त्यामुळे ती पारखूनच घ्यायची. गोष्ट अशी की धंदा पुन्हा उभा राहावा म्हणून जिजाईनं आपल्या नावानं खत लिहून दोनशे रुपये उभे केले. तुकोबांनी त्यावर मिठाचा व्यापार केला, अडीचशे झाले आणि वाटेत ते सगळे एका गांजलेल्या कर्जदाराला देऊन टाकले. चरित्रकारानं ही कथा दानाची म्हणून सांगितली. आमच्या बचत गटातल्या बायकांनी ती ऐकली आणि पहिला प्रश्न विचारला, “मग ते दोनशे फेडलं कुणी?” खत तिच्या नावाचं. सावकार तिच्या दारात. आज कर्ज बाईच्या नावावर निघतं आणि पैसा ट्रॅक्टरच्या हप्त्याला जातो, वसुलीवाला मात्र तिच्याच नावानं हाक मारतो. सतराव्या शतकातली ही हकिगत खरी असो की रचलेली, तिच्यातला व्यवहार खरा आहे. तुकोबांनी वडिलांच्या सावकारीचे आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत बुडवले आणि कुळांना मोकळं केलं, ही फार मोठी गोष्ट. मी तिला कमी लेखत नाही. पण बायकोचं खत कुणी बुडवलं नाही, हेही त्याच वहीत लिहायला पाहिजे.

चित्रपटाच्या शेवटी तुकोबा विमानात बसतात आणि जिजाई मागे राहते. पडद्यावर जे नाही ते असं की तेव्हा ती गरोदर होती. नारायण हा मुलगा तुकोबा गेल्यानंतर जन्मला. सहा मुलांपैकी हा शेवटचा, बापाचं तोंड न पाहिलेला. याच नारायणमहाराजांनी १६८५ साली देहूहून पालखीची प्रथा सुरू केली असं मानतात. ती पालखी दर आषाढात आमच्या बारामतीत मुक्कामाला असते, काटेवाडीला तिच्याभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला घोड्याचं, मग निमगाव केतकी, इंदापूर, सराटी करत ती नीरा ओलांडते. आमच्या गावच्या बायका भाकरीच्या चळती घेऊन बारामतीला जातात. ज्ञानोबा-तुकारामांचा गजर होतो. पोटात पोर घेऊन मागे राहिलेल्या बाईनं ते वाढवलं नसतं तर हा सोहळा सुरू कुणी केला असता, हे कधी कोणत्या कीर्तनात ऐकलंत का?

आणि आता सगळ्यांत मोठी चूक. ती माझ्या मते विमानाहूनही मोठी आहे. बहिणाबाई!

खानदेशच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत. या सतराव्या शतकातल्या, जन्म १६२८ च्या सुमाराचा, देवगावच्या ब्राह्मण घरातल्या. अगदी लहानपणी त्यांचं लग्न तीस वर्षांच्या बिजवराशी, गंगाधर पाठकांशी लावलं गेलं. घरावर आपत्ती आली आणि सगळं कुटुंब पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असं भिक्षा मागत कोल्हापुरात गेलं. शिंगणापूर म्हणजे आमच्या नीरेपलीकडचंच, आम्ही चैत्रात जातो तेच. कोल्हापुरात तुकोबांचे अभंग त्यांच्या कानी पडले आणि त्यांनी मनोमन तुकोबांना गुरू केलं. ब्राह्मणाच्या बायकोचा गुरू कुणबी! नवऱ्यानं मारलं, बांधून घातलं. हे सगळं बहिणाबाईंनी स्वतः अभंगांतून सांगितलं आहे. नवऱ्याच्या मारहाणीचं बाईनं स्वतःच्या नावानं केलेलं इतकं जुनं कथन मराठीत दुसरं मला माहीत नाही. पुढे ते कुटुंब देहूला आलं. तुकोबा तेव्हा हयात होते. बहिणाबाईंनी त्यांना पाहिलं, त्यांचं कीर्तन ऐकलं. तुकोबांच्या शिष्या म्हणून मंबाजींनी त्यांनाही छळलं, त्यांच्या गाईला मारलं, तेही त्या सांगतात.

म्हणजे देहूत प्रत्यक्ष हजर असलेली, लिहिती, नावागावाची एक बाई साक्षीदार म्हणून उपलब्ध आहे. तिची गाथा १९१४ साली छापून आली होती. १९२९ साली जस्टिन ॲबट यांचा इंग्रजी अनुवादही निघाला होता. चित्रपट त्यानंतर सात वर्षांनी आला. ‘माहिती नव्हती’ ही सबब इथं चालत नाही. चित्रपटात बहिणाबाई नाहीत. मग तुकोबांच्या भक्तीनं बदललेली बाई म्हणून कोण आहे? त्यांना मोहात पाडायला पाठवलेली नाचणारी. परंपरेत तसली कथा आहे, ती हवेतून आलेली नाही. पण निवड पाहा. शिकलेली, प्रश्न विचारणारी, मार खाऊनही आपला गुरू न सोडणारी बाई नको आणि नाचून मग पायावर डोकं ठेवणारी हवी. पगडीच्या चुका काढणाऱ्यांपैकी कुणाला हे का दिसलं नसेल?

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. अमेरिकेतल्या घोडे-बंदुकांच्या चित्रपटांत जॉन फोर्ड यांचा १९५६ चा ‘द सर्चर्स’ फार मोठा मानतात. तिथले हौशी तपासनीस सांगतात की गोष्ट १८६८ च्या टेक्सासची आणि कमरेची पिस्तुलं १८७३ ची, डोंगर तर टेक्सासचे नाहीतच, दुसऱ्याच राज्यांतले. बरोबर आहे. पण त्या कथेमागे जिची छाया आहे असं म्हणतात ती सिंथिया ॲन पार्कर ही खरी बाई. १८३६ साली ती नऊ-दहा वर्षांची असताना कोमान्ची आदिवासींनी तिला पळवलं. ती त्यांच्यात वाढली, तिचं लग्न झालं, मुलं झाली. १८६० साली गोऱ्यांच्या फौजेनं तिला ‘सोडवून’ आणलं. ती पुन्हा पुन्हा पळून जायला पाहत होती, तिला आपल्या मुलांकडे जायचं होतं. पडद्यावर मात्र काका तिला उचलून घेतो, घरी आणतो आणि गोष्ट सुखानं संपते. पिस्तुलाचं साल तपासणाऱ्यांना बाईच्या मनाचं साल तपासावंसं वाटलं नाही.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं. चित्रपट म्हणजे इतिहासाचं पुस्तक नव्हे, कलावंताला स्वातंत्र्य हवं. अगदी हवं. पण मग ते स्वातंत्र्य दरवेळी एकाच बाजूला का कलतं? शिवाजीराजांचं वय चुकलं तरी राजे पडद्यावर आहेतच. आणि गाळण्यासारखं कुणी दिसलं की ती रखुमाबाई असते नाहीतर बहिणाबाई. दुसरं उत्तर भाविकांकडून येतं की तुम्ही संतांवर चिखल उडवता. उलट आहे. बायको भुकेनं गेली हे तुकोबांनी लपवलं नाही, उघड सांगितलं. त्यांच्या भक्तांना मात्र ते लपवावंसं वाटलं. तुकोबांच्या बाजूनं कोण उभं आहे मग?

जाता जाता एक. गाथेची सरकारी छापील आवृत्ती १८६९ ते १८७३ या काळात निघाली, तिच्या दोन संपादकांपैकी एक विष्णुशास्त्री पंडित, म्हणजे विधवाविवाहासाठी उभं आयुष्य झिजवणारे तेच. तुकोबांचा शब्द आणि बाईचा प्रश्न हे एकाच माणसाच्या टेबलावर तेव्हा नांदत होते.

आमच्या गटानं या आषाढात पुन्हा ‘संत तुकाराम’ दाखवायचं ठरवलं आहे, वारी बारामतीत येण्याच्या आदल्या रात्री. सुरुवातीला कुणीतरी रखुमाबाई आणि संतोबाची हकिगत सांगेल. मध्यंतरात बहिणाबाईंचं देहूचं प्रकरण वाचून दाखवायचं आहे, आणि शेवटी विमान उडालं की दिवे लगेच लावायचे नाहीत, जिजाईबद्दल बायकांना बोलू द्यायचं. पुरुषांनाही बोलावलंय, पण पहिला अर्धा तास त्यांनी ऐकायचं आहे. बहिणाबाईंच्या गाथेची जुनी प्रत कुणाकडे असेल तर त्या पानांच्या झेरॉक्स आम्हाला हव्या आहेत. तुमच्या भागात जिजाईच्या ओव्या जात्यावर म्हणत असतील तर त्याही उतरवून पाठवा, म्हणणाऱ्या बाईला विचारून, आणि तिची हरकत नसेल तरच तिच्या नावासकट.